बुरुलने अडवून ठेवलेली बातमी

बुरुलच्या पायगुणाबद्दल किरगीझस्तानातल्या आतबाशी गावात एकेकाळी बरंच बोललं जायचं. एकोणिसाव्या वर्षी तिला गावच्या टपाल कचेरीत नोकरी लागली, सायकल मिळाली, खांद्याला चामड्याची पिशवी मिळाली, आणि त्या पिशवीतून ती लोकांच्या घरी मरणाच्या तारा पोचवू लागली. पत्रं, पेन्शन, वर्तमानपत्रंही तीच वाटायची, पण ते कोण लक्षात ठेवतं? हातात एकच कागद धरून बुरुल गल्लीत शिरली की बायका दाराआड व्हायच्या. तिच्या लग्नाची बोलणी दोनदा याच कारणाने मोडली होती.

पोस्टमास्तर मामबेताली म्हातारा आणि समजूतदार माणूस होता. पहिल्याच आठवड्यात त्याने तिला समोर बसवून सांगितलं होतं, "पोरी, तार म्हणजे दूध नाही, दारात ओतलं आणि निघालो. आधी त्या घरातल्या थोरल्याला गाठायचं. तो चार वडीलधारी गोळा करील. ज्याची बातमी असेल त्याला घरात बसवायचं, चहा द्यायचा, मग आडून आडून सांगायचं. वाटेत कधी सांगू नकोस. वाटेवरच्या माणसाला टेकायला भिंत नसते."

एकदाच तिने हे मोडलं. मावसबहिणीच्या लग्नाला जायची घाई होती, तार शेवटची होती, आणि जिची तार तीच बाई मेंढ्या घेऊन समोरून येत होती. मुलगा लष्कराच्या बांधकामावर सायबेरियात दगावला होता. बुरुलने सायकलवरूनच कागद तिच्या हातात दिला. बाईने वाचला, घडी करून कमरेला खोवला आणि मेंढ्यांमागून चालू लागली. संध्याकाळी मेंढ्या घरी आल्या, बाई आली नाही. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे सापडली. जिवंत होती, पण पुढे सोळा वर्षं जगली त्यात कोणाशी धड बोलली नाही.

हे बुरुलने पुढे कोणालाही सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. टपाल कचेरी बंद पडली, नवरा वारला, मुलीचा संसार अडखळत चालला होता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती सीमा ओलांडून कझाकस्तानात अल्माटीला आली आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका धुलाईघरात लागली.

त्याच धुलाईघरात नेकबख्त होती. ताजिकिस्तानातल्या पामीरच्या डोंगरातली, रुशानकडची, बुरुलपेक्षा सोळा वर्षांनी लहान. मोठ्या चादरीची घडी एकट्याने घालता येत नाही, दोघी लागतात. सहा वर्षं या दोघी समोरासमोर उभ्या राहून चादरी ताणत, झटकत, एकमेकींकडे चालत येत आणि परत मागे जात. बुरुल किरगीझ बोलायची, नेकबख्तची बोली तर शेजारच्या खोऱ्यालाही नीट कळत नाही म्हणतात. दोघी मोडक्यातोडक्या रशियनमध्ये बोलत आणि पुरेसं बोलत. शहराच्या कडेला एका जुन्या इमारतीत दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या होत्या. तिसरी होती पालझादा, उझबेकिस्तानातल्या नुकुसकडची कराकल्पाक पोरगी, तेवीस वर्षांची, जिभेला हाड नसलेली. दोघी बुरुलला 'एजे' म्हणत, म्हणजे ताई. पण वागत ताईपेक्षा आईशी वागावं तशा. चहाचा पहिला कप तिला, खिडकीजवळचा पलंग तिला, आणि भांडणं मिटवायचं कामही तिलाच.

सप्टेंबरात धुलाईघराचा बॉयलर बदलायला काढला. शुक्रवार, शनिवार, रविवार सुट्टी. पालझादाने त्याच दिवशी विषय काढला.

"नेकबख्त, सहा वर्षांत काय काय पाहिलंस ग इथलं?"

"बस पाहिली. जाताना उजवी खिडकी, येताना डावी."

"ऐकलंस ना एजे? उद्या ही गावी परतली की लोक विचारतील, अल्माटी कशी आहे? ही सांगणार, चादरीएवढी."

कोपऱ्यावरच्या तोलेगेनची जुनी गाडी होती. तो कझाक, पन्नाशीचा, सकाळच्या पहिल्या चहापर्यंत तोंड न उघडणारा. चारिनची दरी, मग साती गावात मुक्काम, दुसऱ्या दिवशी कायिंदीचं तळं, तिसऱ्या दिवशी कोलसाई आणि परत, असं ठरलं. बुरुलच्या गुडघ्यांना हे काही रुचलं नव्हतं, पण नेकबख्तने आदल्या दिवशी केस धुऊन नवा रुमाल इस्त्री करून ठेवलेला तिने पाहिला आणि गुडघ्यांबद्दल बोलायचं राहून गेलं.

शुक्रवारी दुपारी ते चारिनला पोचले. खाली दरीत उतरणारी वाट पाहून बुरुल म्हणाली, "तुम्ही जा. मी वरून पाहते, वरून सगळं एकदम दिसतं." तोलेगेन गाडीत झोपला. ती कठड्याजवळच्या बाकावर बसली. खाली तांबड्या खडकांमधून दोघी चालताना दिसत होत्या, बोटाच्या पेराएवढ्या. नेकबख्तचा रुमाल हिरवा होता, त्यामुळे ओळखू येत होती.

तेवढ्यात फोन वाजला. नेकबख्तचा भाऊ खुशनझर. हिवाळ्यात नेकबख्तचा फोन बिघडला होता तेव्हा महिनाभर बहीणभाऊ बुरुलच्या फोनवरून बोलायचे, तेव्हाचा नंबर.

"एजे, नेकबख्तचा फोन लागत नाही. आई गेली आमची. आज पहाटे. तिला सांगा, आणि मला फोन करायला सांगा."

बुरुल काही बोलणार तोच आवाज तुटला. पुन्हा लावून पाहिला, लागला नाही. त्या उघड्या माळावर फोनची रेघ येत होती आणि जात होती.

ती तशीच बसून राहिली. खाली हिरवा रुमाल एका खडकाच्या पायथ्याशी थांबला होता. पालझादा फोटो काढत असावी. बुरुलने मनात हिशोब घातला. आज माती होणारच, त्यांच्यातही थांबवत नाहीत. इथून विमान मिळालं तरी दुशानबे, आणि तिथून रुशान म्हणजे एक दिवस नि एक रात्र नुसत्या दरीकाठच्या रस्त्याने. पोचेस्तोवर कबरीवरची माती वाळलेली असेल. मग इथे, या वाऱ्यात, गाडीच्या दारात उभं राहून सांगायचं? टेकायला काय आहे इथे? घरी नेऊ, बसवू, तिच्या माणसांपैकी कोणी वडीलधारं बोलावू, आणि मग सांगू. मामबेताली असता तर हेच म्हणाला असता. बुरुलला त्या क्षणी शंकासुद्धा आली नाही, हे तिने पुढे स्वतःशी कितीदा तरी कबूल केलं.

दोघी वर आल्या तेव्हा नेकबख्तचे गाल लाल झाले होते. "एजे, आमच्याकडेही दऱ्या आहेत, पण त्यांच्याकडे बघायला कोणाला वेळ असतो? तिथे आपण फक्त बकरी कुठे गेली ते बघतो." ती हसली. सहा वर्षांत बुरुलने तिला तोंडावर हात न धरता हसताना पाहिलं नव्हतं.

साती गावात ज्या घरी उतरले तिथल्या बाईने गरम पाव, साय आणि बटाट्याचं कालवण वाढलं. नेकबख्त दोनदा म्हणाली, "आईला इथली साय आवडली असती." बुरुलने हातातला घास परत ताटात ठेवला आणि पाणी प्यायली. पालझादाने विचारलं, "एजे, तोंड असं का केलंस? बॉयलर तुला एकटीला बसवायचाय का?"

"गुडघे," बुरुल म्हणाली.

पालझादाला विश्वासात घ्यावं असं तिच्या मनात येऊन गेलं. पण त्या पोरीचा चेहरा म्हणजे उघडं दार, आत काय चाललंय ते गल्लीतून दिसतं. बुरुलने ओझं एकटीनेच वाहायचं ठरवलं.

शनिवारी कायिंदी. शंभरेक वर्षांपूर्वी भूकंपात डोंगर कोसळून दरी अडली, पाणी साठलं आणि आतली सुचीपर्णी झाडं उभ्याउभ्या बुडाली. वरचे शेंडे वाळून काठ्यांसारखे पाण्याबाहेर आले आहेत, खाली निवळ निळ्या पाण्यात फांद्या अजून तशाच. लोक काठावर ओरडत होते, फोटो काढत होते. नेकबख्त मात्र काठावरच्या एका दगडावर जाऊन बसली. बराच वेळ पाहत राहिली. मग आपला फोन बुरुलच्या हातात देत म्हणाली, "एजे, धर ना. आईसाठी बोलते चार शब्द. फोन लागला की पाठवीन. ती म्हणते, तू परदेशात आहेस की विहिरीत, काही दिसतच नाही."

"पालझादाला सांग, तिला चांगलं जमतं."

"ती वाकडं काढते. तू धर."

बुरुलने फोन धरला. नेकबख्त तळ्याकडे पाठ करून उभी राहिली, रुमाल सारखा केला आणि आपल्या बोलीत बोलू लागली. बुरुलला त्यातला एकच शब्द कळत होता, नान. आई. तो शब्द दर चार शब्दांनी यायचा. नेकबख्त मागे वळून झाडं दाखवत होती, हसत होती, मध्येच डोळे पुसत होती आणि पुन्हा हसत होती. दोन-तीन मिनिटं तरी बोलली असेल. बुरुलने हात हलू दिला नाही. तारा वाटणाऱ्या बाईला तेवढं शिकावंच लागतं.

"काय सांगितलंस?" पालझादाने विचारलं.

"म्हटलं, नान, इथली झाडं मेलीत, बुडालीत, तरी आडवी व्हायला तयार नाहीत. अगदी तुझ्यासारखी. म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात येते, कोणी अडवलं तरी येते."

बुरुल फोन परत देऊन गाडीच्या मागे गेली. तोलेगेन तिथे चाकात हवा पाहत होता. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली पुढे केली.

परतताना वाटेवर एक बाई मध विकत होती. नेकबख्त एकेक बरणी उन्हात धरून पाहू लागली. "आईला खोकला आहे ना. हा डोंगरी मध, बघ कसा घट्ट आहे."

"आत्ता कशाला? अल्माटीतही मिळतो," बुरुल म्हणाली. "नंतर घे."

"नंतर कधी? असं नंतर नंतर म्हणत सहा वर्षं गेली. तूच म्हणतेस ना एजे, आपण फार चिकट झालोय म्हणून?" तिने मोठी बरणी घेतली, कागदात गुंडाळली आणि मांडीवर घेऊन बसली.

त्याच संध्याकाळी बुरुलचा धीर सुटत आला होता. जेवण झाल्यावर त्या घराच्या अंगणात नेकबख्त एकटी बसली होती. बुरुल तिच्याजवळ गेली, बसली. सांगावं. भिंत आहे, चहा आहे, मी आहे. तोंड उघडलं तेवढ्यात नेकबख्तच बोलली, "एजे, मी माझ्या लग्नातसुद्धा इतकी मोकळी नव्हते ग. तेव्हा चुलीकडे लक्ष होतं, सासूकडे लक्ष होतं. हे दोन दिवस मला कोणीतरी दिलेत असं वाटतंय." आणि तिने डोकं बुरुलच्या खांद्यावर टेकलं. बुरुलने तोंड मिटलं.

रविवारी कोलसाई पाहून ते निघाले. तळ्यावर काय पाहिलं ते बुरुलला पुढे कधी आठवलं नाही. नेकबख्तचा फोन फोटो काढून काढून शनिवारीच मेला होता आणि चार्जर अल्माटीत विसरला होता. दुपारी कोकपेकची खिंड उतरली तशी बुरुलच्या फोनला रेघ आली आणि पाठोपाठ वाजला. खुशनझर. तिने फोन पिशवीत उलटा घातला. जरा वेळाने पुन्हा वाजला. शेजारी नेकबख्त झोपली होती, मधाची बरणी पोटाशी धरून. फोन उचलला तर तो विचारणार, सांगितलंत का? आणि काय उत्तर द्यायचं? बुरुलने तो वाजू दिला.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. हीच ती वेळ, जिच्यासाठी तिने तीन दिवस दम धरला होता. घर होतं, भिंती होत्या, चहाही झाला. पण वडीलधारं कोणी नव्हतं, रविवारी संध्याकाळी आणणार कुठून? नेकबख्त पेंगत होती, पायांतले मोजे न काढताच आडवी झाली. फोन तिने स्वयंपाकघरात चार्जरला लावला होता. बुरुल तिथे गेली, तो उजळायला लागलेला फोन तिने पाहिला आणि बटण दाबून धरून बंद केला. एवढी एक झोप घेऊ दे पोरीला, असं ती मनाशी म्हणाली. शुक्रवार आणि शनिवार रीत म्हणून गेले. रविवारचं मात्र रिवाजाशी काही देणंघेणं नव्हतं. ती घाबरली होती.

सोमवारी पाळी दुपारची होती. सकाळी ती पहिल्या बसने बाजारात गेली. तिथे सुकामेवा विकणारी बोनुगुल नावाची म्हातारी होती, नेकबख्तच्याच खोऱ्यातली. ही बाई गोड बोलून माल विकत नाही, अशी तिची ख्याती. जर्दाळू आंबट असेल तर आंबट आहे म्हणून सांगायची. बुरुलने तिला बाजूला घेतलं.

"नेकबख्तची आई वारली. तुम्ही चला. तुमच्या तोंडून ऐकलं तर बरं."

म्हातारीने हात पुसले. "देवाची मर्जी. आज गेली?"

"शुक्रवारी पहाटे."

बोनुगुल थांबली. "आणि पोरीला अजून ठाऊक नाही?"

"फिरायला गेलो होतो. वाटेत कसं सांगणार? आमच्यात वाटेत सांगत नाहीत."

"आमच्यात तिसऱ्या संध्याकाळी दिवा लावतात," म्हातारी सावकाश म्हणाली. "सगळी माणसं बसतात, पाठ म्हणतात, आणि त्या उजेडात मेलेलं माणूस घराचा निरोप घेतं. जो लांब असेल तो आपल्या खोलीत लावतो, फोन कानाला लावून पाठ ऐकतो. माझा नवरा गेला तेव्हा माझ्या मुलाने मॉस्कोत असाच लावला होता. काल होती तिसरी संध्याकाळ, बाई."

म्हातारीने मालावर कापड ओढलं. दोघी बसने घरी आल्या.

नेकबख्त पीठ मळत होती. तिचा फोन अजून चार्जरला लावलेला, बंदच होता. बोनुगुलला दारात पाहिलं आणि तिचे हात थांबले. म्हातारीने तिला बसवलं, शेजारी बसली, त्यांच्या बोलीत दोन वाक्यं बोलली. आडून नाही, सरळ. नेकबख्त पिठाच्या हातांकडे बघत राहिली.

"कधी?" तिने रशियनमध्ये विचारलं, म्हणजे बुरुलला.

"शुक्रवारी."

"तुला कधी कळलं?"

"चारिनला. तुम्ही खाली होतात तेव्हा."

नेकबख्तने मान हलवली. पालझादा दारात रडायला लागली होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"तुला पोचता आलं नसतं ग," बुरुल म्हणाली. "मी सगळा विचार केला. माती तर त्याच दिवशी..."

"पोचायचं मी कुठे म्हणतेय?" ती जराही आवाज न चढवता बोलत होती. "एवढं लांब आलो तेव्हाच ते सोडलं होतं. दिवा तर लावता आला असता. तेवढाच उरला होता माझ्याकडे." मग म्हणाली, "तू फोन धरला होतास. मी तिच्याशी बोलत होते, आणि तू समोर उभी होतीस. तुझा हात हललाही नाही."

नंतर ती बोनुगुलकडे वळली. "मावशी, आज लावला तर?"

"लाव," म्हातारी म्हणाली. "तुझ्या जिवाला बरं वाटेल. तिची वेळ काल होती."

नेकबख्त तेव्हा रडली. बोनुगुलच्या मांडीत डोकं घालून, पिठाचे हात तसेच दोन्ही बाजूंना धरून, म्हातारीचा झगा खराब होऊ नये म्हणून.

संध्याकाळी नेकबख्त आणि बोनुगुल दोघींनी दिवा लावला. भावाला फोन लावला. बुरुल आणि पालझादा बाहेरच्या खोलीत बसल्या. पालझादा म्हणाली, "एजे, तू तिच्या भल्यासाठीच केलंस." बुरुलने तिला गप्प राहायला सांगितलं.

त्या दिवसापासून नेकबख्त तिला 'तुम्ही' म्हणू लागली. भांडण झालं नाही, अबोला नाही. "एजे, तुम्ही चहा घेणार?" "एजे, तुमची किल्ली राहिली." प्रत्येक 'तुम्ही' बुरुलच्या काळजात रुतायचं. धुलाईघरात नेकबख्तने मुकादमाला सांगून वाफेच्या इस्त्रीवर काम मागून घेतलं. एकदा बुरुलने तिला त्या बाईची, मेंढ्यांची, तारेची गोष्ट सांगायला घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच ती हे कोणाला सांगत होती. नेकबख्तने शेवटपर्यंत ऐकलं.

"वाईट झालं त्या बाईचं," ती म्हणाली. "पण ती मी नव्हते, एजे. मला विचारायचं होतंत."

आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीसाठी ती गावी गेली. जाताना बुरुलचा गळ्याला गळा लावून निरोप घेतला, जसा कोणत्याही वडीलधाऱ्या बाईचा घ्यावा तसा. परत येते म्हणाली होती. आली नाही. तिचा पलंग दोन महिने रिकामा राहिला, मग बुरुलच्याच देशातल्या जलालाबादची एक बाई राहायला आली, स्वच्छ आणि कमी बोलणारी. पालझादाचं पुढच्या वर्षी लग्न ठरलं, तीही गेली. जाण्याआधी तिने विचारलं, "ते फोटो तुला पाठवू का?" फोटोंत तिघी होत्या, हिरवा रुमाल होता. बुरुल नको म्हणाली.

शुक्रवारी अर्धा दिवस सुट्टी असते. बुरुल बाजारात जाते, बोनुगुलच्या दुकानामागे खोक्यावर बसते. दोघी मीठ घातलेला दुधाचा चहा पितात. म्हातारीकडे खोऱ्याची सगळी खबर असते. नेकबख्त गावच्या शाळेत स्वयंपाकाला लागली. तिच्या मुलीला दुशानबेला नर्सिंगला प्रवेश मिळाला. घराचं छप्पर नवं केलं.

गेल्या मार्चमध्ये बुरुलने शेवटी विचारलं. "माझं विचारते का कधी?"

बोनुगुलने बशी खाली ठेवली. "नाही."

"एकदाही?"

"एकदा मीच तुझं नाव काढलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसरं बोलू लागली."

बुरुलने मान हलवली. उरलेला चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि म्हातारीला अर्धा किलो जर्दाळू तोलायला सांगितले.

"आंबट आहेत यंदा," बोनुगुल म्हणाली.

"असू देत," बुरुल म्हणाली, आणि पिशवी घेऊन बसच्या थांब्याकडे निघाली.